बसरा पाच दिवसांवर

'हे काय, इथंच तर आहे,' असं म्हणणाऱ्या माणसाचा मला संताप येतो. आमच्या मुलखात कुणाला रस्ता विचारा, तो हनुवटी वर करून दाखवतो आणि 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो. मग तुम्ही तीन कोस चालता आणि हाक मारणारा कुठं दिसत नाही. मी निजाम सरकारच्या बंदोबस्त खात्यात अठरा वर्षं जरीब ओढली. जरीब म्हणजे जमीन मोजायची लोखंडी साखळी. आष्टी तालुक्यातला बांध न् बांध माझ्या पायाखालून गेलेला. मोजल्याशिवाय मी बोलत नाही, आणि बोललो तर ते माप चुकत नाही, अशी माझी ख्याती होती. त्या भादव्यापर्यंत मलाही ते खरं वाटायचं.

त्या भादव्यात आश्रुबाला जाऊन बारा वर्षं पुरी होणार होती.

आश्रुबा माझा लहानपणचा दोस्त. कडा गावात आमची घरं पाठीला पाठ लावून. बैल विकायला म्हणून तो नगरला गेला, तिथं इंग्रज सरकारच्या पलटणीला हमाल हवे होते, हा अंगठा उठवून मोकळा झाला. आगबोटीतून बसऱ्याला गेला. पहिल्या वर्षात कुणाकडून तरी लिहून घेतलेली दोन पत्रं आली. पुढं काही नाही. घरी म्हातारी आई केसरबाई आणि बायको रुक्मिणी. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ती तेव्हा अठरा वर्षांची होती, आता तिशीची.

घर सोडून बारा वर्षं झाली आणि माणसाची खबर नाही तर तो मेला असं धरायचं आणि पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही रीत. तीनशे साठ पानं लागतात. हाडाचा ठिकाणा नसेल तर पानांचं शरीर. गुरुजींनी तिथीही काढून दिली होती, सर्वपित्री अमावास्या, सोमवार. केसरबाईच्या मनानं घेतलं होतं की पोरगं मधल्या मध्ये लटकलंय, त्याला ना इथलं पाणी ना तिथलं. तिला स्वतःची खोकल्याची ढास लागली होती. आपण डोळे मिटायच्या आत त्याला वाटेला लावावं एवढंच तिचं म्हणणं. ती वाईट बाई नव्हती. पण पुतळा जळला की रुक्मिणीचं कुंकू पुसलं जाणार होतं, बांगड्या फुटणार होत्या, आणि रुक्मिणी म्हणत होती, "ते जिते हाईत."

कशावरून, असं विचारलं की ती पुन्हा तेच म्हणायची. मग अमावास्येला सतरा-अठरा दिवस राहिले असताना सिदू आला.

सिदू आष्टीकडचा. बसऱ्याला विमानाच्या मैदानावर खलाशी म्हणजे मजूर म्हणून तीन वर्षं काढून परतला होता. कड्याच्या बाजारात लोकांना तो तिकडच्या गोष्टी सांगत बसला होता, आणि बोलता बोलता म्हणाला, तुमच्या गावचा एक माणूस तिथं विमानात पेट्रोल भरतो. डाव्या हाताची करंगळी न्हाई त्याला.

आश्रुबाची डावी करंगळी कडबा तोडताना गेली होती. मी स्वतः तिच्यावर हळद दाबली होती.

मी सिदूचा दंड धरून त्याला रुक्मिणीच्या दारात नेला. "सांग बे, हितं सांग."

"आशू म्हनत्यात त्याला," सिदू म्हणाला. "गावाचं नाव कवाच सांगत न्हाई. एकदा पत्र्याचा चटका बसला तर 'आई गं, मेलो की' म्हनून वरडला. मी म्हनलं, हे तर आपल्याकडचं बोलनं. लई खोदून इचारलं तवा कडा म्हनला, आन मंग आठ दिस माझ्याशी बोलला न्हाई."

रुक्मिणी चौकटीला धरून उभी होती. तिनं एकच विचारलं, "तब्येत?"

"चांगला हाय की. एकटाच ऱ्हातो. दारू न्हाई, काय न्हाई."

केसरबाईचा विश्वास बसेना. करंगळी नसलेली माणसं काय थोडी असतात, म्हणाली. बारा वर्षांत तिनं असे चार सिदू पाहिले होते. एकानं तर आश्रुबाला मक्केच्या वाटेवर पाहिल्याचं सांगून दोन दिवस जेवून घेतलं होतं. "अमुशाच्या आत त्याच्या तोंडचं काय आलं तर मी पुतळा करनार न्हाई," ती म्हणाली. "न्हाई आलं तर मला कुनी आडवायचं न्हाई." तिचा हा शब्द पक्का होता, आणि तो न्याय्यच होता.

आगबोटीनं पत्र जाऊन उत्तर यायला दोन महिने. आमच्याकडे होते सतरा दिवस.

पण सिदू म्हणाला, आता कराचीहून बसऱ्याला टपाल विमानानं जातं. दर गुरुवारी पहाटे कराचीच्या मैदानातून उडतं. त्यानं स्वतः त्यात पेट्रोल ओतलेलं, त्यामुळं वार त्याला पाठ होते. "किती लांब हाय?" मी विचारलं. त्यानं हात हलवला. "हे काय, वर बसलं की आलंच." मला असा राग आला की त्याच्या कानाखाली वाजवावी. विमानात बसूनही आमचा माणूस 'हे काय' म्हणतो.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. जुम्म्याची सुट्टी, शाळा रिकामी. मास्तरांकडून किल्ली घेतली आणि रुक्मिणीला म्हटलं, चला, आणि सोबत सुताचा एक पक्का दोरा आणा. भिंतीवर आशिया खंडाचा मोठा नकाशा होता, उर्दू अक्षरांचा. मी दोरा पाण्यात भिजवून पिळला, कारण कोरडा दोरा ओढला की लांबतो आणि खोटं बोलतो. तिचं बोट कराचीवर ठेवायला लावलं. दुसरं टोक मी किनाऱ्या-किनाऱ्यानं नेत बसऱ्याला टेकवलं. विमान समुद्राच्या काठाकाठानंच जातं असं सिदूनं सांगितलं होतं. तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच आलं.

तिनं दोऱ्याकडे पाहिलं. वीतभरही नव्हता.

"एवढंच?" ती म्हणाली, आणि हसली. बारा वर्षांत तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. जणू ते अंतर मीच कमी केलं होतं.

खडूनं फळ्यावर हिशेब मांडला. सुमारे साडेबाराशे मैल. सिदूच्या सांगण्याप्रमाणे ताशी शंभर मैल. म्हणजे हवेत साडेबारा तास. रात्री ते उडत नाही, वाटेत एका मैदानावर मुक्काम करतं, म्हणून गुरुवारी निघालेलं शुक्रवारी संध्याकाळी बसऱ्याला. त्याआधी नगर ते कराची आगगाडीनं तीन दिवस. नगरला रविवारी टपालात टाकलं तर त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघून बुधवारी रात्री कराचीला, गुरुवारी पहाटे विमानात. परतीचं विमान सोमवारी बसऱ्याहून निघतं, मंगळवारी कराचीला. तिथून शुक्रवारी नगर, आणि शनिवारी हरकारा आमच्याकडे नगरची डाक घेऊन येतोच. शनिवारी उत्तर हातात. अमावास्या सोमवारी. दोन दिवस शिल्लक!

"नगरातून बसरा पाच दिवसांवर हाय, वहिनी," मी म्हणालो. "तेरा कोसांवरच्या लग्नाला जाऊन यायला लोक आठ दिवस लावतात."

तिथंच बसून मी पत्र लिहिलं. आईचं लिहिलं, रुक्मिणीचं लिहिलं, अमावास्येचं आणि पुतळ्याचं लिहिलं. आणि शेवटी मोजणीवाल्याचा माज: 'गड्या, नगरापासून तू फक्त पाच दिवसांच्या रस्त्यावर आहेस. मी स्वतः मोजला आहे. निघ.' रुक्मिणीला ते वाक्य फार आवडलं. तिनं मला ते परत वाचायला लावलं.

गावच्या डाकेत टाकलं असतं तर ते आधी बीडला, मग आणखी कुठं कुठं फिरून गेलं असतं. म्हणून शनिवारी तांबडं फुटताच मी पायी नगरची वाट धरली. चौदा कोस. संध्याकाळी भिंगारला एका ओळखीच्या माणसाच्या ओसरीवर पडलो, पण पडवेना. उठून पत्र चाचपायचं, परत पडायचं. सकाळी सूर्य वर यायच्या आत टपाल कचेरीच्या पायरीवर हजर.

दार बंद. म्हटलं, लवकर आलो. सूर्य चढला, तरी बंद. कुठंतरी घंटा वाजत होती, गोरे लोक आणि त्यांच्या मडमा नटूनथटून बग्ग्यांतून चालल्या होत्या. शेवटी एक शिपाई झाडू घेऊन आला. मी विचारलं, "कचेरी कधी उघडनार?"

"उद्या."

"उद्या कावून? आज काय झालं?"

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "मोगलाईतून आलात का? अहो, आज रविवार."

रविवार! तो मी मोजला होता. तोच तर धरून चाललो होतो. पण रविवारी कचेरी बंद असते हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आमच्या निजामाच्या राज्यात सुट्टी जुम्म्याची. अठरा वर्षं मी शुक्रवारी घरी बसलो आणि रविवारी साखळी ओढली. नगर मी दहा वेळा पाहिलेलं, पण बैलबाजारासाठी. सरकारी खिडकीशी माझा संबंध कधी आला नव्हता. साडेबाराशे मैलांत माझी चूक झाली नाही. चूक झाली ती चौदा कोसांवर, सरहद्दीच्या पलीकडे पाऊल टाकताच.

मी त्या शिपायाच्या हातापाया पडलो. तो बिचारा म्हणाला, पेटीत टाका वाटलं तर, पण विमानाच्या टपालाचं तिकीट खिडकीवरच मिळतं. त्याशिवाय टाकलं तर ते आगबोटीनं जाईल. तो दिवस मी त्या कचेरीभोवती फेऱ्या घालून काढला. बायको म्हणते माझ्या पायाला भिंगरी आहे; त्या दिवशी तिनं पाहायला हवं होतं. सोमवारी खिडकी उघडली तेव्हा पहिला मी. कारकुनानं तिकीट लावलं, शिक्का मारला आणि विचारल्यावर सांगितलं की हे गुरुवारी रात्री कराचीला पोचेल. विमान पहाटे गेलेलं असणार. "मग पुढच्या गुरुवारी," तो म्हणाला, आणि मागच्या माणसाला पुढं बोलावलं.

आता उत्तर येणार ते अमावास्येनंतर पाच दिवसांनी. पुतळा जळून, राख नदीत गेल्यावर.

घरी आलो तर रुक्मिणी वेशीतच उभी. "टाकलं?"

"टाकलं," मी म्हणालो.

पुढचं मी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? लाज वाटली म्हणून. दुसरं कारण शोधून काही उपयोग नाही. गहिनीनाथचं माप चुकलं हे मला माझ्या तोंडानं म्हणवेना. स्वतःला समजावलं की विमानाला उशीर झाला असेल, किंवा गाडी लवकर पोचेल, काहीतरी होईल. बारा वर्षं रुक्मिणी म्हणत होती तसंच मीही म्हणू लागलो, फरक इतकाच की मी फळ्यावर खडूनं मांडून बसलेला माणूस.

पितृपक्ष लागला. रुक्मिणी रोज मला विचारायची, "आज कुठवर गेलं आसंल?" मी सांगायचो. आज मुंबई. आज सिंधची रेती. गुरुवारी ती सकाळीच येऊन म्हणाली, "उडालं आसंल न्हाई का?" मी हो म्हणालो. शुक्रवारी संध्याकाळी तिनं घरात गोड केलं आणि वाटी माझ्याकडे पाठवली. पत्र तेव्हा कराचीत कुठल्यातरी पिशवीत निजलेलं होतं. ती खीर मी खाल्ली नाही, म्हशीला घातली. जेवण जाईना, एका जागी बसवेना. रानात एका शेताची मोजणी करताना साखळीची टोकं उलटी धरली, आणि हाताखालची माणसं तोंडात पदर धरल्यासारखी हसली.

तो शनिवार आला. रुक्मिणी सकाळपासून वेशीत. हरकारा आला, त्याच्या भाल्याच्या घुंगरांचा आवाज मी घरातून ऐकला आणि बाहेर गेलो नाही. दुपारी ती आली. "न्हाई आलं, भावजी. उद्या यील का?" रविवारी ती पुन्हा वेशीत जाऊन उभी राहिली. हरकारा रविवारी येतच नाही हे तिला माहीत होतं.

त्याच रविवारी सकाळी गुरुजींचा निरोप आला: उद्याच्या पुतळ्याला पळसाची तीनशे साठ पानं लागतील, अख्खी, न फाटलेली, मोजायला तुझ्याइतका खात्रीचा माणूस गावात नाही, तूच आण. मी माळावर गेलो. पानं तोडत गेलो, मोजत गेलो. डोक्याला चाळीस, मानेला दहा, असा त्यांचा हिशेब असतो. दोनशेच्या पुढं गेलो आणि माझी मोजणी हरवली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, पुन्हा हरवली. जन्मात असं झालं नव्हतं. पानं तिथंच टाकली आणि सरळ केसरबाईच्या ओसरीवर गेलो.

ती भिंतीला टेकून बसली होती. रुक्मिणी जात्यापाशी. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. रविवारचं, शिपायाचं, खिडकीचं, चुकलेल्या विमानाचं. "उत्तर येत्या शनिवारी यील, मावशी. चूक माझी हाय. सहा दिस थांबा."

रुक्मिणीचा हात जात्याच्या खुंट्यावर तसाच राहिला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"सहा दिस!" केसरबाई म्हणाली. "मुडद्या, परवा घट बसत्यात. घट बसल्यावर घरात सुतक चालतं का? गुरुजी म्हनत्यात, ही तिथी गेली तर मंग फुडल्या साली. फुडल्या सालाला मी हाय का?" तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, "तुज्या चुकीचं माप माज्या लेकाच्या पदरात कावून घालतूस?"

तेव्हा रुक्मिणी उठली आणि सासूच्या पायाशी जाऊन बसली. "आत्याबाई, उत्तर न्हाई आलं आन तुमचं काय बरंवाईट झालं, तर फुडल्या साली त्यांचा पुतळा मी सोता करवून घीन. माज्या हातानं कुकू पुसंन. रडनार न्हाई. पर ह्ये सहा दिस द्या."

केसरबाईनं सुनेच्या केसांवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "गुरुजीला सांग, येऊ नगंस म्हनावं." एवढं बोलून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पोराला आणखी एक वर्ष अधांतरी ठेवायचा निर्णय तिनं घेतला होता, तो सुनेसाठी. मला हे अजून आठवलं की गलबलून येतं.

घट बसले. माळा चढत गेल्या. शनिवारी मी वेशीत रुक्मिणीच्या शेजारी उभा होतो. घुंगरं वाजली. हरकाऱ्यानं पिशवीतून एक निळसर लिफाफा काढला आणि माझं नाव वाचलं.

रुक्मिणी पळत घरी गेली, मी तिच्या मागं. केसरबाई घटासमोर बसली होती. मी लिफाफा फोडला. आत मराठी अक्षर, वळणदार, कुणा कोकणातल्या कारकुनाचं; बबनराव म्हणून सही होती. मी मोठ्यानं वाचू लागलो.

'आपले पत्र शुक्रवारी संध्याकाळच्या विमानाने पावले. आपण लिहिता तो आश्रुबा हाच. या मैदानावर तो पुष्कळ वर्षे कामास आहे, प्रकृती उत्तम आहे.'

केसरबाईनं हंबरडा फोडला. दोन्ही हातांनी तिनं आधी घटासमोरची जमीन धरली, मग सुनेला. "जिता हाय! गहिन्या, माजा लेक जिता हाय!" ती हसत होती, खोकत होती, रडत होती. मलाही डोळ्यापुढचं दिसेना. चुकलेला रविवार, खीर, पळसाची पानं, सगळं त्या एका ओळीत धुऊन निघालं असं मला वाटलं.

"फुडं वाचा," रुक्मिणी म्हणाली.

मी वाचलं. 'त्याला अक्षरओळख नसल्याने पत्र मीच वाचून दाखविले. त्याने ते दोनदा ऐकले. "पाच दिवसांचा रस्ता" हे वाक्य तिसऱ्यांदा वाचावयास सांगितले, आणि हे खरे काय असे विचारले. मी खरे म्हणालो. येथे त्याने कुटुंब केलेले नाही, एकटाच राहत असे. मी म्हटले, साहेबांस सांगून तुला रजा मिळवून देतो, घरी जाऊन ये. तो काही बोलला नाही.'

इथं मी थांबलो. पुढच्या चार ओळी माझ्या डोळ्यांनी आधीच वाचून टाकल्या होत्या.

पत्राची घडी घालून खिशात टाकता आली असती. 'येतो म्हणतोय' असं म्हणता आलं असतं. दोघींपैकी एकीलाही वाचता येत नव्हतं. पण एकदा माप लपवून मी रुक्मिणीला बारा दिवस खोट्या आशेवर ठेवलं होतं. दुसऱ्यांदा माझी छाती झाली नाही.

'शनिवारी सकाळी तो कामावर आला नाही. खोली पाहिली, ती रिकामी. अंथरूणही नेलेले नाही. नदीवर एका नावेत चढताना त्यास कोणी पाहिले, असे समजते. कोठे गेला ते कळण्यास मार्ग नाही. आपणास हे लिहिताना वाईट वाटते.'

"म्हंजी?" केसरबाईनं विचारलं. "निघाला का हिकडं?"

"न्हाई, आत्याबाई," रुक्मिणी म्हणाली. "पळाले."

ती माझ्याकडे वळली. तो शाळेतला दिवस सोडला तर तिनं माझ्या डोळ्याला डोळा देऊन कधी पाहिलं नव्हतं; आता पाहिलं. "भावजी, बसरा लई लांब हाय असं मी धरून हुते. सात समुद्राच्या पल्याड. मानसाच्या हातात न्हाई, म्हनून येत न्हाईत. बारा वर्सं ह्याच्यावर काढली मी. तुमी मोजलं आन पाच दिस निघाले." तिचा आवाज चढला नाही. "पाच दिसाचा रस्ता चालायला त्यांना बारा वर्सं पुरली न्हाईत."

मी त्या दोऱ्याचं एक टोक धरलं होतं. आश्रुबावर मला राग यायला हवा होता, तो नंतर आला, पुष्कळ आला. त्या क्षणी मला स्वतःचीच शिसारी आली.

रुक्मिणीनं गळ्यातला काळ्या मण्यांचा सर डोक्यावरून काढला. केसरबाईनं झडप घालून तिचं मनगट धरलं. "काय करतीस, भवाने? घटाम्होरं? नवरा जिता हाय तुजा!"

"तुमचा लेक जिता हाय," रुक्मिणी म्हणाली आणि तो सर तिनं सासूच्या तळहातावर ठेवला, वरून तिची बोटं मिटवली. "माजा पुतळा झाला आज. गुरुजीला बलवायची गरज न्हाई."

"न्हाई! जित्या मानसाचं आसं बोलू नगंस गं," म्हातारी कळवळली. ज्या पुतळ्यासाठी ती इतके दिवस हटून बसली होती त्याचं नावही आता तिला सोसेना. आणि जी त्या पुतळ्याला आडवी पडली होती ती आत जाऊन आपली दोन लुगडी गाठोड्यात बांधत होती.

तिचं माहेर मांजरसुंब्याच्या अलीकडे. भाऊ होता तिथं. बारा वर्षांत ती एकदाही राहायला गेली नव्हती. मधेच नवरा आला तर घरात कोणी हवं, म्हणून. गाठोडं काखेत घेऊन ती ओसरीवर आली, सासूच्या पायाला हात लावला.

"थांब की गं रुक्मे," केसरबाई म्हणाली. "दसरा हुईपत्तर तरी थांब."

"थांबले की, आत्याबाई," ती म्हणाली आणि पायरी उतरली.

मी मागं धावलो. गाडी जुंपतो म्हटलं, नको म्हणाली. सोबत येतो म्हटलं, नको म्हणाली. तीन दिवसांची वाट आहे, असं तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं. वेशीपर्यंत गेलो. ती बीडच्या वाटेला लागली, भरभर चालत, आणि वळणावर दिसेनाशी झाली. तिनं मागं पाहिलं नाही.

परत आलो तेव्हा म्हातारी घटासमोरून उठून दारात येऊन बसली होती. एका मुठीत काळे मणी, दुसऱ्या हातात ते निळसर पत्र, उलटं धरलेलं.

"गहिन्या, बस," ती म्हणाली. "दुसरं पत्र लिही. सून गेली म्हनावं. आता मी एकटी हाय, मला खोकला हाय म्हनावं. रागावनार न्हाई कुनी. नुसतं तोंड दाखवून जा म्हनावं."

"कुठं धाडू, मावशी?" मी विचारलं. "तो कुठं गेला ते त्यांना तरी कुठं ठाव हाय."

तिला माझा राग आला नव्हता. तिला खरोखरच वाटत होतं की एवढी गोष्ट मला जमेल.

"तू मोजनीवाला ना," ती म्हणाली. "मोज की."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो, आणि दिवेलागणीपर्यंत तिथून मला उठता आलं नाही.